सोडून जाताना किल्ली

"नवीन व्हर्जन टाकलं अन् डिस्प्ले गेला." अमरावतीत राजकमल चौकापासून थोडे आत माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या काउंटरवर हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. कुणाची अक्षरे फुगून जाड झालेली असतात, कुणाचा व्हिडिओ अडखळतो, कुणाला प्रोजेक्टर जोडला तरी चित्र येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला की ग्राफिक्स चिपचे नाव असायला हवे तिथे 'बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' एवढेच दिसते. सिस्टीमला चिप ओळखता आलेली नसते, म्हणून जेमतेम चित्र दिसेल इतकी सोय करून ती थांबलेली असते. लिनक्सवाल्यांचे तर पुष्कळदा तेवढेही होत नाही. कंपनीचा लोगो येतो आणि त्यानंतर नुसता काळा पडदा.

गिऱ्हाईक म्हणते, नवी सिस्टीम खराब आहे. शेजारचा दुकानदार म्हणतो, लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. दोघांचेही म्हणणे मला पटत नाही. हार्डवेअर धडधाकट असते, सिस्टीमही आपल्या जागी ठीक असते. या दोघांमधला दुवा तुटलेला असतो, आणि तो का तुटला याचे कारण शोधत गेलो की मी दरवेळी तंत्रातून निघून धर्माच्या प्रश्नापाशी येतो. दुसऱ्याचे काम ज्या ज्ञानावर उभे आहे ते ज्ञान आपल्यापुरते ठेवता येते का? आणि ठेवलेच, तर आपण तिथून उठून निघून जाताना त्याचे काय करायचे?

शाळेत मला संस्कृत शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त आहेत. मोर्शी आणि चांदूरबाजार तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्या जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. आधी रेकॉर्ड करतात, मग घरी बसून एकेक ओवी टाइप करतात. त्यांचा लॅपटॉप जुना आहे, त्यात वेगळी ग्राफिक्स चिप आहे. ती चिप बनवणाऱ्या कंपनीचे नाव इथे देत नाही. त्यांच्याकडे लिनक्स आहे. एक दिवस पडद्यावर नव्या आवृत्तीची सूचना आली, बाईंनी 'हो' म्हटले, रात्रभर डाउनलोड चालले आणि सकाळी पडदा काळा. पिशवीत लॅपटॉप घालून त्या ऑटोने दुकानात आल्या.

"काउन रे, मंधातलं सारं गेलं काय?"

"नाही बाई, सारं आत आहे. फक्त दिसून नाही राह्यलं."

हे मी त्यांना धीर द्यायला म्हटले नव्हते, तपासून म्हटले होते. कॅप्स लॉक दाबले की दिवा लागत होता, विझत होता. म्हणजे मशीन जिवंत होते. पडद्यावर टॉर्च तिरपा धरून पाहिला. बॅकलाइट गेलेला असेल तर अशा उजेडात फिकट चित्र दिसते, इथे काहीच दिसत नव्हते. बाहेरचा मॉनिटर लावला, तोही काळाच. मग रीस्टार्ट करून शिफ्ट दाबून धरले. सुरुवातीचा मेनू आला, तिथे 'ई' दाबले. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधली आणि तिच्या टोकाला 'नोमोडसेट' हा एक शब्द जोडून एफ-१० दाबले. त्या शब्दाचा अर्थ असा, की चिपच्या खास भाषेत बोलायला जाऊ नकोस, जे आहे त्यावर भागव. पडदा उजळला, पण १०२४ बाय ७६८ वर. रुंद पडद्यावर ताणलेली अक्षरे, रफार आणि ऱ्हस्व उकार एकमेकांत मिसळलेले. बाईंनी ओव्यांची फाइल उघडून शेवटपर्यंत खाली नेली, सगळ्या ओव्या आहेत हे पाहिले आणि मगच खुर्चीत टेकल्या.

लॉग वाचल्यावर कारण कळले. चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला सिस्टीमशी जोडणारा प्रोग्रॅम, नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, बांधलाच गेला नव्हता. कंपनीने त्या पिढीच्या चिपचा सपोर्ट बंद करून बराच काळ लोटला होता. जुना ड्रायव्हर जिथे सोडला तिथेच गोठून राहिला आणि कर्नल पुढे गेला.

इथे थोडे खोलात जायला हवे, कारण सगळी गोम याच जागी आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये दोन नियम शेजारी शेजारी नांदतात. पहिला बाहेरच्यांसाठी: कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये. लिनक्सचे कर्ते लायनस टोरवाल्ड्स यांचा या नियमाबद्दलचा आग्रह जगजाहीर आहे. दुसरा नियम आतल्यांसाठी, आणि तो उलटा आहे: कर्नलच्या पोटातली रचना कधीही बदलू शकेल, तिच्या स्थैर्याचे वचन कुणालाही नाही. कर्नलवर काम करणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे समर्थन करणारा एक लेखच लिहिला आहे आणि तो कर्नलच्या सोर्सबरोबरच मिळतो. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल निघतो आणि दर वेळी आत काही ना काही हललेले असते.

मग आतले ड्रायव्हर जगतात कसे? ज्याने एखादे फंक्शन बदलले, त्यानेच ते वापरणारा कर्नलमधला सगळा कोड नीट करून द्यायचा, अशी तिथली रीत आहे. त्यामुळे ज्या चिपचा ड्रायव्हर सामाईक कोडमध्ये जमा आहे, तिची काळजी ती चिप जन्मात न पाहिलेली माणसेही घेतात. वाड्याची दुरुस्ती निघाली की उघड्या खोल्यांतले सामान सगळे मिळून हलवतात. जिला कुलूप आहे ती खोली मालक येईपर्यंत तशीच राहते. बंद ड्रायव्हर ही ती कुलूपबंद खोली. मालक दर वेळी येऊन आपले सामान हलवून देतो तोवर कुणाला काही जाणवत नाही. ज्या वर्षी तो येणे थांबवतो, त्या वर्षी बाईंसारखे कुणीतरी पिशवीत लॅपटॉप घालून माझ्याकडे येते.

लॅपटॉपमधली एकही तार तुटलेली नव्हती. एक माणूस, किंवा माणसांची एक संस्था, जे तिला ठाऊक होते ते न सांगता निघून गेली होती.

इथे मला ऋषिऋण आठवते. ही कल्पना मला बाईंनीच शाळेत सांगितली होती. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे आहेत आणि तिथे ती जन्माने ब्राह्मण असलेल्यापुरती सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मण मात्र पुढे जाते. जो कुणी आहे, तो ऋणी होऊनच जन्मतो, असे ते म्हणते आणि देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋण घालते. ऋषींचे ऋण फेडायचे ते अध्ययनाने. जो शिकला त्याला तिथे ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटले आहे. मालक म्हटलेले नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्ञान मिळवणाऱ्याकडे ते सांभाळायला दिलेले असते, आणि तैत्तिरीय उपनिषद तर अध्ययनाच्या बरोबरीने अध्यापनाचाही पुन्हा पुन्हा आग्रह धरते.

आता ग्राफिक्स चिपकडे याच नजरेने पाहावे. ती कुठल्याही एका कंपनीच्या डोक्यातून पूर्ण निघालेली नाही. पडद्यावरच्या ठिपक्यांतून तिरपी रेघ कशी ओढायची, तीही नुसत्या पूर्णांकांच्या बेरजांवर, हे जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये काम करताना शोधले आणि १९६५ मध्ये छापून सगळ्यांना दिले. आयव्हन सदरलँड यांचे स्केचपॅड १९६३ चे. गोल वस्तूवर उजेड मऊ कसा पसरवायचा ते युटा विद्यापीठात आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यावरची चकाकी कशी काढायची ते तिथेच बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणाने. पुढची वस्तू मागचीला झाकते हे यंत्राला कसे कळावे आणि एखाद्या पृष्ठभागावर चित्र कसे चिकटवावे, हे एडविन कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधात आहे. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये आपल्या घरच्या चहाच्या किटलीचे आकडे काढले आणि ते मोकळेपणी वाटले. जगभरच्या संशोधकांनी आपली चित्रे त्याच किटलीवर पारखली. फोंग तर त्याच वर्षी, फार लहान वयात वारले. त्यांचे सूत्र छापलेले होते म्हणून ते आजही चालते.

ही सगळी मंडळी माझ्या लेखी ऋषी आहेत, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. आजची प्रत्येक ग्राफिक्स चिप त्यांच्या ऋणात आहे. त्यांच्या ठेव्यावर उभे राहून जो पुढचा मजला चढवतो, त्याने आपला मजला विकावा, त्यावर पैसा मिळवावा, याला माझी हरकत नाही. मीही दुरुस्तीचे पैसे घेतो. पण तो मजला सोडून जाताना जिन्याची वाट बुजवून जायची, हे ऋण बुडवणे आहे.

बंद चिपचे ज्ञान परत कसे मिळवतात, हे पाहिले की न्यायशास्त्र जणू डोळ्यांसमोर चालताना दिसते. नैयायिकांची चार प्रमाणे: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात सांगितले आहे, की ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी लागतात. नुसते जाणणे पुरत नाही. चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा टाकला की काय घडते, हे कंपनीइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पहिली अट ती पूर्ण करते. दुसरी नाही. म्हणून शब्दप्रमाणाची वाट बंद होते.

उरले प्रत्यक्ष आणि अनुमान. स्वयंसेवक काय करतात, तर कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवून तो चिपच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहितो, याची ओळीने नोंद कर्नलकडून करून घेतात. हजारो ओळी येतात, सगळे नुसते आकडे. मग एकच गोष्ट बदलतात, समजा पडद्याचे रिझोल्यूशन, आणि पुन्हा नोंद घेतात. दोन नोंदी शेजारी ठेवून कोणता आकडा हलला ते पाहतात. परत जुने रिझोल्यूशन लावतात, तो आकडा परत जातो का पाहतात. एक असताना दुसरे असते, एक नसताना दुसरे नसते; हाच अन्वय आणि व्यतिरेक. धूर पाहून अग्नी ओळखण्याची जुनी रीत इथे सिलिकॉनवर चालते. फरक एवढाच की डोंगरावरचा अग्नी कुणी मुद्दाम लपवलेला नसतो.

नूव्हो नावाचा ड्रायव्हर असाच जन्मला आणि २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला. मोबाइलमधल्या चिपसाठी फ्रीड्रिनो आणि पॅनफ्रॉस्ट, ॲपलच्या एम-१ साठी 'असाही' नावाच्या प्रकल्पातले काम, ही याच मार्गाने गेलेली पुढची नावे. ही कामे करणाऱ्यांत काही तर अजून शिकत असलेली मुले होती. वात्स्यायन त्याच ठिकाणी असेही म्हणतो, की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. जात, देश, पदवी काही नाही. जाणणे आणि सांगण्याची इच्छा, बस. खोलीत बसून आकडे ताडून पाहणारे आणि जे कळले ते त्याच आठवड्यात सगळ्यांपुढे ठेवणारे ते पोर माझ्या दृष्टीने आप्त आहे.

बाईंच्या लॅपटॉपवरही शेवटी असाच खुला ड्रायव्हर बसला. बंद ड्रायव्हरचे अवशेष काढून टाकले, 'नोमोडसेट' काढले, रीस्टार्ट केले. पडदा आपल्या मूळच्या १३६६ बाय ७६८ वर आला आणि ओव्यांचे रफार जागच्या जागी दिसू लागले. सगळे आलबेल झाले असे म्हणणार नाही. पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरतो, आणि झाकण मिटून उघडले तर कधीकधी मशीन जागे होत नाही. वीज कशी वाचवायची हे त्या चिपचे ज्ञान अजून पूर्ण हाती आलेले नाही. बाईंनी विचारले, "हे कोणं केलं रे?" मी त्यांना बदलांच्या नोंदी उघडून दाखवल्या. देशोदेशीची नावे, तारखा, आणि प्रत्येकाने काय बदलले आणि का बदलले त्याचे दोन-चार ओळींचे कारण. बाई बराच वेळ वाचत बसल्या.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय मी दुसऱ्या बाजूला न्याय देऊ शकत नाही.

आम्ही महानुभाव पंथाचे. आजोबा उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले गृहस्थ, होते, घरी पोथी होती आणि दारात आलेल्या माणसाला 'दंडवत' म्हणण्याची रीत होती. रिद्धपूर आमच्या जिल्ह्यातच आहे. तिथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, शके १२०० च्या सुमारास. पंथाचा कटाक्ष मराठीवर होता. पंथातल्या एका पंडिताने संस्कृतात लिहायचे म्हटले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, कारण त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. ज्ञान कुणासाठी, या प्रश्नाला इतके थेट उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीता मराठीत आणली ती इसवी सन १२९० मध्ये. ज्ञान उघडण्याची ती लाट त्या शतकात महाराष्ट्रात उठली होती.

आणि त्याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद केल्या. दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली होती, ते शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले होते. भोवती विरोध होता, पाठात भेसळ होण्याची भीती होती, गुरूंच्या शब्दाबद्दल पराकाष्ठेची भक्ती होती. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. किल्ली नसेल तर समोरची पोथी नुसती निरर्थक अक्षरांची रांग. त्यापुढे आणखीही लिप्या झाल्या. पाठ शाबूत राहिला, पण शतकानुशतके उरलेल्या महाराष्ट्राला आपल्या भाषेतला हा गद्याचा केवढा ठेवा आहे याचा पत्ता नव्हता. पंथाबद्दल नाही नाही ते गैरसमज पसरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची उकल केली, पंथातल्याही काहींनी पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

म्हणून कुलूप लावणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्याच पूर्वजांनी कुलूप लावले होते आणि प्रेमापोटी लावले होते. कंपन्यांचीही कारणे असतात. कोडमध्ये दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, प्रतिस्पर्धी टपलेले असतात, पेटंटचे खटले असतात. धंदा चालू आहे तोवर ही कारणे मी समजू शकतो.

पण एक फरक आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या फरकावर उभे आहे. आजोबांना सकळ लिपी वाचता येत होती. अडखळत, बोट ठेवून, पण येत होती. त्यांना ती त्यांच्या गुरूंकडून मिळाली होती आणि गुरूंना त्यांच्या गुरूंकडून. शेकडो वर्षे पोथीला कुलूप होते, पण किल्ली हातातून हातात दिली जात होती. एकही पिढी किल्ली खिशात घालून निघून गेली नाही. गेली असती तर राजवाड्यांनी उकल करूनही पोथीतल्या पंथीय संकेतांचा अर्थ सांगायला माणूस उरला नसता. गुप्तता पाळणाऱ्याचाही एक धर्म असतो, वारसाला किल्ली देण्याचा. बाईंच्या चिपच्या बाबतीत नेमके हेच झाले नाही. कुलूप लावले, घर सोडले, आणि किल्ली कुणालाच दिली नाही. वारस म्हणून जी माणसे आपणहून पुढे आली, त्यांनाही नाही.

जुनी चिप सांभाळायला माणसे लागतात, पैसा लागतो, कायमचा सपोर्ट कोण देणार, असे मला एका इंजिनीअर मित्राने विचारले. प्रश्न बरोबर आहे. कायमचा सपोर्ट मीही मागत नाही. खुल्या जगातही जुने ड्रायव्हर काढून टाकतात. २०२३ मध्ये कर्नलच्या ६.३ आवृत्तीतून नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर काढले, कारण त्यांना वापरणारे उरले नव्हते. पण काढले म्हणजे नष्ट केले नाहीत. बदलांच्या इतिहासात ते जसेच्या तसे पडून आहेत. उद्या कुणाला गरज पडली तर तो उचलून पुन्हा उभा करू शकतो. लिनक्सवर त्रिमिती चित्रे काढणाऱ्या मेसा या प्रकल्पाने आपले जुने ड्रायव्हर मुख्य धारेतून काढताना त्यांच्यासाठी अँबर नावाची वेगळी शाखा करून ठेवली. सोडून जाणे असे असावे. निरोप घेताना काय कुठे ठेवले आहे ते सांगून जायचे.

हे अशक्य नाही, हे कंपन्यांनीच दाखवले आहे. एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची कागदपत्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि आज त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या सामाईक कोडमध्ये आहे. इंटेलचा तर आधीपासून होता. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. यांपैकी कुणाचाही धंदा त्यामुळे बुडाला नाही. दहा वर्षांपूर्वी विक्री थांबलेल्या चिपची कागदपत्रे उघडी केली तर कुणाचे काय जाणार आहे? फायदा नसेल, पण तोटाही नाही. कपाटातून काढून टेबलावर ठेवण्याचे कष्ट तेवढे घ्यायचे. तेवढेही न करणे याला मी अधर्म म्हणतो. कायद्याने तो गुन्हा नाही हे मला माहीत आहे.

आणि धर्माचा प्रश्न एकट्या कंपनीचा नाही. माझ्या धंद्यातही हे चालते. एखादी दुरुस्ती एखाद्यालाच येते आणि पोऱ्या बघत असला की तो पाठ फिरवून काम करतो. मी माझ्या दुकानात ती पद्धत ठेवलेली नाही. जो पोऱ्या येतो त्याला मी समोर बसवतो, लॉग कसा वाचायचा ते दाखवतो, आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीचे कारण वहीत मराठीत लिहायला लावतो. वही दुकानातच राहते. पोरे पुढे नागपूरला जातात, पुण्याला जातात, स्वतःची दुकाने काढतात. वहीची झेरॉक्स मागितली तर मी देतो.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ज्या पोथ्या कुलपात होत्या त्या तिथे मुले उघडपणे अभ्यासतील. बाईंच्या ओव्यांनाही तिथे कुणी वाचक भेटेल, अशी मला आशा आहे. त्यासाठी त्या ओव्या एका चिपच्या मेहरबानीवर राहता कामा नयेत. म्हणून त्यांच्या सगळ्या फाइल मी साध्या युनिकोड मजकुरात काढून तीन ठिकाणी ठेवून दिल्या आहेत.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. सिस्टीम नवी करण्याआधी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. चित्र नीट आले तरच पुढे जा. लॅपटॉप घेताना रॅम आणि हार्ड डिस्कच्या बरोबरीने हेही विचारा, की याच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर खुला आहे का. आणि एक पत्र लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुतेक सुट्या भागांवर आणि मॅन्युअलवर थांबते. सपोर्ट बंद करणाऱ्या कंपनीने ड्रायव्हरचा सोर्स किंवा निदान चिपची कागदपत्रे खुली करावीत, ही अट या हक्कात घालायला हवी. मी माझ्या दुकानाच्या लेटरहेडवर तशी मागणी त्या विभागाला लिहून पाठवली आहे. तुम्हीही पाठवा.